माझे पाय जागेवर आहेत

“दूध नाही,” मी म्हणाले, आणि यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“रोहिणी! काय ठरलंय आपलं?”

मी चहाचं आधण तसंच उकळत ठेवलं आणि वाक्य बदललं. “दूध येणार आहे.”

“हां. असं म्हणावं.”

“पण तोवर चहा काय पाण्याचा करू?”

“प्रश्न विचारलेला चालतो. ‘नाही’ तेवढं चालत...” हे मधेच अडकले. इकडंतिकडं बघून त्यांनी शब्द शोधला. “‘नाही’ तेवढं टाळायचं.”

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. बार्शीत तेव्हा घनवट नावाचे कुणी सर आले होते आणि एका मंगल कार्यालयात त्यांनी अंतर्मनाच्या शक्तीचं शिबिर घेतलं होतं. आमचे हे नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायचे. तोवर आपल्याला एकच मन आहे अशा समजुतीवर त्यांनी सुखाने संसार केला होता. शिबिराहून ते दोन मनं घेऊन घरी आले. बाहेरचं मन म्हणे नुसतं बडबडं, कामाचं ते आतलं. आतल्या मनाला एकदा ध्येय सांगून ठेवलं की आपण झोपलो तरी ते राबत राहतं. फक्त त्याला ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नाही. आपण म्हणालो ‘मी पडणार नाही’, की ते ऐकतं ‘मी पडणार’, आणि इमानेइतबारे पाडतं. म्हणून आमच्या घरात ‘नाही’ला बंदी आली.

“आरं मुरल्या,” सासूबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, “मी तुझ्या बापाला जल्मभर सांगितलं, तंबाखू खायची न्हाई म्हणून.”

“आणि त्यांनी काय केलं?”

“काय करत्यात? मरंस्तोवर खाल्ली.”

“बघ!” हे उभेच राहिले. “बघ आई! त्यांना फक्त ‘तंबाखू खायची’ एवढंच ऐकू आलं!”

सासूबाईंनी हातातली शेंग फोडली. “मेल्याला चहा घ्या म्हणलेलं बरं लगीच ऐकू यायचं,” त्या म्हणाल्या.

हसायला खूप होतं, पण मला हसता येत नव्हतं, कारण ज्या ध्येयासाठी हे चाललं होतं ते ध्येय माझं होतं.

मी लग्नाआधी डी.एड. केलं होतं. लग्नानंतर अर्ज करून करून कंटाळले होते, आणि त्या उन्हाळ्यात अचानक सावरवाडीच्या शाळेतून होकार आला. खासगी संस्थेची शाळा, चौथीपर्यंतचे वर्ग. संस्थेचे सचिव भले होते, पण त्यांनी एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगून टाकली. “बाई, शाळा उघडेल त्या दिवसापासून रोज परिपाठाला हजर पाहिजे. आधीच्या बाई एसटीच्या भरवशावर होत्या, म्हणून तर जागा रिकामी झाली.” आमच्याकडून निघणारी पहिली एसटी सावरवाडीला पोचायची ती पोरं दुसऱ्या तासाला कंटाळलेली असताना. सचिवांच्या यादीत माझ्यामागे आणखी एक बाई उभ्या होत्या, त्याच गावच्या.

घरी येऊन मी हे सांगितलं. हे भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, “मी सोडत जाईन तुला. स्कूटर घेऊ.”

मला भरल्या ताटावर रडू आलं. एक तर आनंदाने. आणि दुसरं म्हणजे, यांना सायकलसुद्धा येत नव्हती.

स्कूटर आली. एका कंपाउंडरची जुनी बजाज, फिकट निळी, आणि अंगात खोड अशी की आधी तिला डाव्या कुशीवर तिरकी करायची, मग सरळ करून किक मारायची, तेव्हा कुठे बाईसाहेब जाग्या व्हायच्या. संध्याकाळी मार्केट यार्डाच्या मागचं मैदान रिकामं झालं की आम्ही दोघं स्कूटर ढकलत तिकडे जायचो. हो, ढकलत. हातात लायसन आल्याशिवाय रस्त्यावर चाक फिरवायचं म्हणजे यांच्या दृष्टीने चोरीच. ज्याचा जन्म नोंदलेला नाही तो जन्मलेलाच नाही, अशा विचाराचा माणूस.

लवकरच माझ्या लक्षात आलं की हे पडायला भीत नव्हते. पडताना कुणी बघेल याला भीत होते. मैदानात चिटपाखरू नसेल तर बरं चालवायचे. कडेने कुणी पाटी घेऊन जाताना दिसलं की लगेच दोन्ही पाय जमिनीला. एकदा तर एक म्हैस रवंथ करत उभी होती.

“तिला हाकल आधी,” हे म्हणाले.

“अहो, म्हैस आहे ती.”

“बघतेय ती.”

मी म्हैस हाकलली.

यावर इलाज म्हणून शिबिर, आणि शिबिरातून निघाली ती कॅसेट. सरांनी सांगितलं होतं की आपल्या ध्येयाची वाक्यं स्वतः रचायची, अगदी ते पूर्ण झाल्यासारखी, आणि घरात आपण ज्याचं ऐकतो त्याच्या आवाजात ती भरून घ्यायची. डोळा लागताना ऐकायची.

“मग माझ्या आवाजात भर,” सासूबाई पदर सावरून पुढे सरसावल्या.

यांनी खाली मान घालून टेपरेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला. सासूबाई त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला मात्र जेवण फार गोड लागलं.

वाक्यं यांनी रचली होती. मी शाळेत कविता म्हणायचे तशी ती म्हटली. “माझं मन शांत आहे. माझे पाय जागेवर आहेत. माझी नजर पुढे आहे. लोक बघतायत, बघू देत. शाळेचं फाटक दिसायला लागलंय.” पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, कॅसेटची बाजू संपेपर्यंत. घसा बसला.

हे दुपारी जेवायला घरी यायचे आणि जेवून थोडं आडवं व्हायचे. ती वेळ कॅसेटसाठी ठरली. पण आमचा टेपरेकॉर्डर जुना झालेला, त्याचं बटण दाबलं की वर उडायचं. ते कुणीतरी बोटाने धरून बसावं लागे. हे झोपणार, सासूबाई रुसलेल्या, म्हणजे बोट माझंच. रोज दुपारी मी पलंगाशेजारी बसून बटण धरायचे. “माझं मन शांत आहे,” मी टेपमधून म्हणायचे, आणि “माझे पाय जागेवर” येईपर्यंत हे घोरायला लागलेले असायचे. पुढची सगळी बाजू एक मी बोलतेय आणि दुसरी मी ऐकतेय. उठले की हे विचारायचे, “झाली?”

“झाली.”

“आत उतरतंय हं. मला जाणवतंय.”

दरम्यान इक्बालभाई फॉर्म घेऊन आले. आरटीओचे साहेब महिन्यातून एकदा सोलापूरहून आमच्याकडे कॅम्पला यायचे, आणि लोकांचे कागद लावून देण्याचं काम इक्बालभाई करायचे. यांच्या शिकाऊ लायसनची सही झाल्यावर ते म्हणाले, “साहेब, भाभींचं बी काढून टाकू का? एकाच फेरीत दोन कामं होत्यात.”

यांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट पाहिलं. ‘नाही’ घशापर्यंत आलं होतं. ओठ हलले. मग घनवट सर आठवले असावेत. “विचार... करायला... हरकत...” हे म्हणाले आणि ‘हरकत’च्या पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

“हरकत काय असणार!” इक्बालभाईंनी वाक्य पुरं करून टाकलं. “भाभी, हितं सही करा.”

मी सही केली. हे म्हणाले, “असू दे, ओळखीचा पुरावा म्हणून होईल.”

संध्याकाळी मैदानावर मात्र मला एक वेगळंच काम लागलं होतं. हे कुठेतरी दूरच्या टोकाला जाऊन पडायचे, मग वैतागून स्कूटर तिथेच सोडून पायी माझ्याकडे यायचे आणि पाण्याची बाटली तोंडाला लावून दगडावर बसायचे. स्कूटर आणायला मी जायचे. आधी काही दिवस ढकलत आणली. ती बया कसली जड! मग एके दिवशी मी तिला तिरकी केली, सरळ केली, किक मारली, आणि बसूनच आणली. माहेरी, सांगलीला, मी शाळेत सायकलने जायचे, तोल काही मला नवा नव्हता. गिअर एवढे दिवस बघून बघून पाठ झाले होते. आश्चर्य वेगळंच होतं. पदर कमरेला, साडी पोटरीपर्यंत, आणि कडेच्या गोदामावरचे हमाल काम थांबवून बघत होते. मला वाटलं होतं मी लाजेने मरेन. तर डोक्यात माझाच आवाज, कविता म्हटल्यासारखा. लोक बघतायत, बघू देत.

हे दगडावरून बघत होते. मी उतरले.

“चढावर जरा गॅस कमी पडला तुझा,” ते म्हणाले. बाकी काही नाही.

टेस्टच्या दिवशी सरकारी विश्रामगृहामागच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने भला मोठा इंग्रजी आठचा आकडा काढला होता. त्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची, टेकला की नापास. पुढचा कॅम्प शाळा उघडल्यानंतर होता. म्हणजे जे व्हायचं ते आज. यांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, म्हणून आम्ही दोघंही सकाळपासून नाश्त्याच्या पोह्यांबद्दलच बोलत होतो.

आणि गर्दी! अर्धं गाव लायसन काढायला आलेलं आणि उरलेलं अर्धं त्यांना बघायला. त्यात नगरपालिकेतले यांचे चार सहकारी, ऑफिसला दांडी मारून, हातात उसाच्या रसाचे ग्लास.

“मुरलीधर गणपत शेटे!” साहेबांनी पुकारलं.

हे निघाले. छान निघाले. पहिलं वर्तुळ असं सुरेख घेतलं की माझा श्वास मोकळा झाला. आता आकड्याची दोन वर्तुळं जिथे भेटतात तिथे आले. तेवढ्यात रसवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, “शाब्बास शेटे!”

शाब्बासकीच दिली होती बिचाऱ्याने. पण हे दचकले, त्यांनी आवाजाच्या दिशेला पाहिलं, सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांना दिसलं, आणि दोन्ही पाय फक्कीवर.

“पुढच्या कॅम्पला या,” साहेब म्हणाले. रोज पन्नास जणांना म्हणत असतील तसं, काहीही राग नसताना.

हे स्कूटर ढकलत माझ्याकडे आले. बुटांना पांढरी फक्की लागली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, “रोहिणी, सचिवांना महिनाभर थांबायला...” मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांची इतकी माया आली की काय करावं समजेना. मी रुमाल काढून त्यांचे बूट पुसायला वाकले.

“रोहिणी मुरलीधर शेटे!”

मी वाकलेलीच राहिले. इक्बालभाईंनी माझाही फॉर्म लावला होता.

आता खरं सांगते. माझ्या तोंडात त्या क्षणी एकच शब्द असायला हवा होता. मी आधीची असते तर तो आलाही असता. नाही हो साहेब, ते आपलं असंच, चुकून. पण इतके दिवस घरात त्याची सवयच मोडलेली. जीभ त्या शब्दाकडे गेली आणि तो जागेवर नव्हता.

“आले,” मी म्हणाले.

मी यांच्या हातातून स्कूटर घेतली. यांनी हँडल लगेच सोडलं नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या आकड्याकडे, आणि मग सोडलं. “दुसऱ्या गिअरवर ठेव,” हळूच म्हणाले.

पदर खोचला. तिला तिरकी केली, सरळ केली, किक मारली. गर्दी पुढे सरकली. बार्शीत तेव्हा बाई गिअरच्या स्कूटरवर म्हणजे तमाशाच होता. मी काही शूर नव्हते. पण डोक्यात ती कॅसेट सुरू झाली होती आणि तिचं बटण धरायला कुणाच्या बोटाची गरज लागत नव्हती. माझं मन शांत आहे. नव्हतं, पण ती म्हणत होती. माझे पाय जागेवर आहेत. एक वर्तुळ झालं. माझी नजर पुढे आहे. यांनी जिथे पाय टेकले होते तिथे फक्की विस्कटली होती, त्यावरून मी गेले. दुसरं वर्तुळ झालं. शाळेचं फाटक दिसायला लागलंय.

“थांबा बाई, झालं!” साहेब ओरडले. मी तिसरी फेरी मारत होते.

साहेबांनी सही केली. इक्बालभाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ते झालं ज्याची मला टेस्टपेक्षा जास्त भीती वाटत होती. रसवाले चौघं जवळ आले.

“काय शेटेसाहेब, आता वहिनी सोडणार वाटतं तुम्हाला ऑफिसात?”

“मागं बसा सांभाळून. चक्कर येईल.”

“टिफिन वहिनींनी धरायचा का तुम्ही?”

यांचे कान लाल झाले होते. नोकरी आता साहेबांच्या हातात नव्हती, सचिवांच्या नव्हती. हा माणूस आता ‘ढकलत नेऊ’ म्हणाला असता तर मी ढकलत नेली असती. आणि एकदा ढकलत नेली असती तर मग कायमची. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या स्कूटर मी बऱ्याच घरांत पाहिल्या होत्या.

मी किक मारून उभी राहिले. यांच्याकडे बघितलं नाही.

मग मागची सीट खाली दबली. स्कूटर जरा डोलली आणि स्थिर झाली.

“चल,” हे म्हणाले.

घरी जायला मागची गल्ली होती. मी तिकडे हँडल वळवायला लागले.

“सरळ,” हे म्हणाले. “बाजारातून.”

“अहो, आज शनिवार. बाजार भरलाय.”

“माहितीय.”

घनवट सर पुन्हा कधी आमच्या गावात आले नाहीत. पण हे आजही कुणी विचारलं की छाती पुढे काढून सांगतात, माझ्या अंतर्मनाला मी ध्येय दिलं होतं, आमच्या हिला वेळेवर शाळेत पोचवायचं, आणि त्याने पोचवलं, निवृत्तीपर्यंत रोज पोचवलं, एक दिवस परिपाठ चुकला नाही. लोक माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. बटण कुणाच्या बोटाखाली होतं आणि घोरत कोण होतं, हे मी कशाला सांगू? आणि तसंही, टेपने फक्त माझ्यावर काम केलं असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. ते मला त्या शनिवारीच कळलं, बाजारात.

पहिली हाक भाजीवाल्यांच्या रांगेतून आली. मग भांड्यांच्या दुकानातून. मग कुणीतरी शीळ घातली. पोरं मागून धावायला लागली. मैदानावर एका म्हशीला घाबरणारा माणूस माझ्यामागे बसला होता आणि आता कुठल्याही क्षणी तो खाली उडी मारेल म्हणून मी वेग वाढवायलाही भीत होते. तेवढ्यात कानामागे पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं, शिव्या घालतायत. मी मान थोडी मागे केली.

“माझं मन शांत आहे,” हे म्हणत होते. अगदी माझ्याच चालीत, कविता म्हटल्यासारखं. “माझे पाय जागेवर आहेत. माझी नजर पुढे आहे. लोक बघतायत...” आवाज जरा कापला. “बघू देत.”

मी खाली पाहिलं. दोन्ही बूट पायटेकणीवर होते, फक्की लागलेले, एकाशेजारी एक. दोन्हींपैकी एकही खाली आला नव्हता.

“बघू देत,” हे पुन्हा म्हणाले, आणि पुढे अडले. एवढ्या दुपारी घोरल्यावर शेवटचं वाक्य कुठून आठवणार?

“शाळेचं फाटक दिसायला लागलंय,” मी रस्त्यावरून नजर न काढता सांगितलं.

“हां. दिसायला लागलंय.”

तोवर हे मागच्या स्टेपनीला घट्ट धरून बसले होते. त्यांनी तो हात सोडवला आणि भर बाजारात, सगळ्या गावासमोर, माझ्या खांद्यावर ठेवला.